खडूची खाट

गर्डर दोन तुकड्यांत आला, कारण अख्खा गर्डर बोळातून वळला नसता. वहिनींनी दार उघडलं, टेम्पोत बघितलं आणि म्हणाल्या, "या घरात काही म्हणजे काही अखंड येत नाही."

थोरलीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टेम्पोतून उतरताना ती या घरची मुलगी नव्हती, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपची मालकीण होती. हा फरक सगळ्यांना कळावा म्हणून ती लोखंडी टोकाचे बूट घालून आली होती. बरोबर दोन माणसं होती, एक वेल्डर आणि दुसरा बुटका. बुटका सहा फूट उंच होता. त्याला हे नाव का पडलं, हे वर्कशॉपमध्ये विचारायची पद्धत नव्हती.

काम सांगायला सोपं होतं. माळ्याची जमीन जुन्या सागवानी कड्यांवर तोललेली होती, आणि त्या कड्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. खाली एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला मास्तरांची खोली आणि दोन्हीच्या मध्ये नुसत्या फळ्यांची आडभिंत. कड्या थकल्या होत्या. एक तर गॅसच्या बरोबर वर तडकली होती. त्या सगळ्यांच्या पोटाखालून एक लोखंडी गर्डर आडवा घालायचा, म्हणजे प्रत्येक कडीला मधोमध आधार मिळणार. गर्डरची दोन टोकं ज्या भिंतींत बसणार होती तिथं कोनाडे फोडून काँक्रीटच्या बैठका ओतून झाल्या होत्या, वाळल्याही होत्या. आता गर्डर चढवायचा आणि त्याआधी दोन माणसं हलवायची, एवढंच उरलं होतं.

त्यातलं गर्डरचं काम थोरलीला जमण्यासारखं होतं.

खालचा माणूस म्हणजे तिचे वडील. उभा जन्म शिवणकाम केलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. खुब्याच्या ऑपरेशनपासून ते खाटेवरच असत. वरचा माणूस त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे मशिनकाका. शिलाईची मशिनं दुरुस्त करायची आणि माणसांच्या वाटेला जायचं नाही, असा त्याचा दिनक्रम. लोक घराची वाटणी मध्ये भिंत घालून करतात. या दोघांनी ती आडवी केली, तळ थोरल्याचा आणि माळा धाकट्याचा. धाकट्यासाठी मागच्या अंगणातून बाहेरून लोखंडी जिना लावला गेला. ते झालं तेव्हा दोघांच्या वडिलांना जाऊन महिनाही उलटला नव्हता.

भांडण त्या वडिलांच्या शेवटच्या सदऱ्यावरून झालं होतं. दोन्ही मुलांनी त्यांच्यासाठी सदरा शिवला. अक्का, म्हणजे दोघांची मोठी बहीण, तिनं तोडगा काढला आणि वडिलांना दोन्ही सदरे घातले, एकावर एक. ते गेले ते दोन सदऱ्यांत. पण आत कोणाचा आणि बाहेर कोणाचा, यावरून स्मशानातून परतीच्या वाटेवर जे सुरू झालं त्याला आता बारा वर्षं होत आली होती. त्या बारा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. जे काही बोलणं व्हायचं ते वहिनींमार्फत, म्हणजे थोरलीच्या आईमार्फत.

वहिनींनी त्यासाठी एक सोय केली होती. झाडूच्या दांड्यानं छताला एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण. तीन ठोके म्हणजे कोणीतरी गेलं किंवा पाणी गेलं. दोन्हींपैकी काय ते काकांनी जिन्यावर येऊन विचारायचं.

"आई," तडकलेल्या कडीखाली उभी राहून थोरली म्हणाली, "तू ठोकतेस कुठं?"

वहिनींनी बोट दाखवलं. बोट सरळ तड्याकडं गेलं.

"म्हणजे मी पाडलं का हे?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तोंडानं नाही म्हणालीस."

*

मागच्या अंगणात अक्का मान वर करून उभी होती. ती सकाळीच गाडी करून आली होती आणि ड्रायव्हरला थांबवून ठेवलं होतं, याचा अर्थ थोरलीला तेव्हा लागला नाही.

"अरे, उतर खाली! गर्डर तुझ्यासाठीच आणलाय."

"माझ्यासाठी असेल तर वर आणा," खिडकीतून आवाज आला.

"चावटपणा पुरे. तो खालून बसवतात."

"जिना काढणार आहेत म्हणे."

"खिडकीच्या आड येतोय ना तो. गर्डर दारातून वळत नाही, खिडकीतून सरळ आत जातो. मग जिना नको का काढायला?"

"परत कोण लावणार?"

"लावतील की."

"कोण?"

अक्कानं मान खाली केली आणि मान अवघडल्याचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात आली. वहिनी ओटा पुसत होत्या. ओटा स्वच्छ होता.

"उतरेल," अक्का हळू आवाजात म्हणाली. "एकदा उतरला की माझ्याकडं घेऊन जाते. खोली करून ठेवलीय. जिना आहे तसा पडू दे अंगणात. तुझ्या मागचं हे ठोके आणि ताटं तरी सुटेल."

"आणि मग गर्डर कशाला?"

"आता आणलाच आहे तर बसवा. चांगला आहे."

वहिनी ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या. मागच्या आठवड्यात फोनवर अक्कानं हेच सुचवलं तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या होत्या आणि या घरात "बघू" म्हणजे हो. त्यांना दीर वाईट वाटत नसे. त्यांना थकवा वाटत असे. लग्न करून एका माणसाच्या घरात आलो आणि दोघांचं टपाल झालो, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण ते सांगायला त्यांच्याकडं निरोप्या नव्हता.

फळ्यांच्या आडभिंतीपलीकडं मास्तर डोळे उघडे ठेवून पडले होते. त्या भिंतीतून कुजबूज जरा जास्तच स्पष्ट ऐकू यायची. जिना परत लागणार नाही, हे त्यांना आता कळलं होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता, कारण जिना ज्या भिंतीला लागत होता ती त्यांच्या वाट्याची होती. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिला आणि ठेवून दिला.

थोरली खाटेजवळ आली. "बाबा, थोडा वेळ अंगणात बसायचं. बुटका खुर्चीसकट उचलेल तुम्हाला."

"तो उतरला का?"

"अजून नाही."

"नको म्हणत असेल तर जाऊ दे अक्काबरोबर त्याला." मास्तर छताकडं बघत होते. "तुला ठाऊक आहे, बारा वर्षांत या खाटेवर एक पाऊल वाजलेलं नाही. स्वयंपाकघरावर खडखड, आपटाआपट, सगळं चालतं. इथं नाही. मी म्हणायचो, घाबरत असेल. मग कळलं, घाबरत बिबरत नाही. माझ्या अंगावरून चालायचीसुद्धा त्याला किळस आहे."

"असं काही नसतं हो बाबा."

"तू वर गेली आहेस कधी?"

थोरली गेली नव्हती. वर जाणं म्हणजे एका बाजूला जाणं, आणि तिनं वर्कशॉपचं सगळं लोखंड स्वतःच्या हिमतीवर उभं केलं असलं तरी एवढी हिंमत तिनं केली नव्हती. मोजमापंसुद्धा तिनं खालूनच घेतली होती.

*

ती वर गेली तेव्हा काका एका मशिनचं चाक फिरवून त्याचा आवाज ऐकत बसला होता. "बूट काढ," तो म्हणाला.

"हे सेफ्टी शूज आहेत, काका."

"म्हणूनच."

तिनं बूट काढले. माळा पाहून तिला आधी वाटलं, अर्ध्या घराची आवराआवर चालली आहे. स्वयंपाकघराच्या बाजूला बिडाची मशिनं भिंतीपासून थेट मध्यापर्यंत रचली होती, काही एकावर एक, त्यांच्या मागं लाकडी पेट्या, पेट्यांवर पायडलं. वजनाचा अंदाज तिनं मनात काढला आणि तो मनातच ठेवला. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. एक सतरंजीही नाही. वापरातल्या फळ्या काळपट आणि गुळगुळीत झाल्या होत्या. भिंतीच्या कडेकडेनं पायांनी एक वाट घासून काढली होती. ही वाट खोलीला वळसा घालून खिडकीपर्यंत जात होती. मधल्या फळ्या मात्र नव्यासारख्या होत्या, आणि त्यांच्यावर शिंप्याच्या खडूनं एक लांब चौकोन काढलेला होता.

"हे काय?"

"खडू."

"खडू दिसतोय मला. काय काढलंय?"

"खाट."

थोरलीनं चौकोनाभोवती एक फेरी मारली. कडेनं.

"बाबांची?"

"मग काय माझी? मी जमिनीवर झोपतो." काकानं चाक थांबवलं. "फळ्या जुन्या आहेत. खाली माणूस झोपतो. तिथं पाय द्यायचा नाही आणि वजन ठेवायचं नाही, एवढं लक्षात राहायला पाहिजे म्हणून काढलं. पुसट झालं की परत काढतो."

"खाट एवढी रुंद नाहीये."

"चारी बाजूंनी माया सोडलीय. कूस बदलतो तो."

जरा बाजूला आणखी एक चौकोन होता, बोळ्यानं पुसलेला, पण तिरप्या उजेडात दिसत होता. थोरलीनं त्याच्याकडं बोट केलं.

"ऑपरेशननंतर खाट खिडकीजवळ घेतली ना तुम्ही. मग मी पण घेतली."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? खोकल्याची जागा बदलली."

ती मशिनांच्या ढिगाकडं वळली आणि तिथं तिच्यातली वर्कशॉपची मालकीण जागी झाली. "म्हणून सगळं इकडं लावलं तुम्ही."

"मग कुठं लावणार?"

"काका, इकडच्या खाली आई असते."

काका चाकाकडं बघत राहिला. "वहिनी काय एका जागी थोड्याच असतात," तो म्हणाला. "त्या सारख्या फिरत असतात..."

वाक्य संपायच्या आतच त्याला ते स्वतःच्या कानांनी ऐकू गेलं. थोरलीनं काही सुनावलं नाही. सुनावण्यासारखं तो स्वतःच बोलून बसला होता.

"तडा कुठं आहे म्हणालीस?"

"गॅसच्या वर. ती दिवसातून किती वेळा तिथं उभी राहते, ते मी सांगायला नको."

काका उठला. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी त्यानं उचलली, तिच्यात आपली हत्यारं भरली, दोन सदरे भरले आणि पेटी हातात धरून थांबला. "हे सगळं उतरवायला लाव त्या लांबोड्याला. वरच्या थरापासून. डोकं धरून उचलायचं, चाक धरून नाही." मग, बाहेर बघत, "जिना?"

"मी लावते परत."

"तुझ्या शब्दावर विश्वास आहे माझा. पण भिंत त्याची आहे."

"काका, मी लावणार म्हणाले ना."

"तू गर्डर लाव," काका म्हणाला आणि कडेच्या वाटेनं, चौकोनाला वळसा घालून, खाली उतरला.

*

दुपारपर्यंत अंगणात मशिनांची डोकी रांगेत उभी राहिली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की कुठल्याशा सभेला बिडाचे प्रतिनिधी जमले आहेत. जिना भिंतीवरून सुटून आडवा झाला. मास्तरांना बुटक्यानं खुर्चीसकट आणून एका टोकाला ठेवलं. काका जिन्याच्या दुसऱ्या टोकाला, एका पायरीवर टेकला. दोघांमध्ये फार तर चार पावलांचं अंतर असेल. तरी मास्तरांनी हाक मारली ती स्वयंपाकघराच्या दिशेनं.

"अगं, त्याला सांग, मशिनं उन्हात ठेवू नकोस म्हणावं. तेल सुकतं."

वहिनी बाहेर आल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "ते म्हणतात, मशिनं उन्हात ठेवू नका."

"ऐकू आलं," काका म्हणाला. "त्याला सांगा, सावली त्याच्या खुर्चीनं अडवलीय."

"ते म्हणतात..."

"मी बहिरा झालो असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही," मास्तर वहिनींना म्हणाले.

आतून थोरलीनं "आई!" अशी हाक मारली, म्हणून वहिनी सुटल्या.

आत गर्डर चढला होता. आडभिंतीच्या वरच्या फळ्या काढून त्याला वाट करून दिली होती. दोन्ही तुकडे मध्ये बोल्टांनी जोडून, दोन टेकूंवर धरून त्याची टोकं बैठकांवर सरकवली होती. थोरली टेबलावर उभी राहून गर्डर आणि कड्या यांच्यामध्ये बोटं घालून बघत होती. गर्डरला पाणसळ लावून झाली होती, तो एका रेषेत होता. वरच्या कड्या एका रेषेत नव्हत्या. मास्तरांच्या खोलीत गर्डर आणि कडी यांच्यामध्ये चार बोटं सहज जात. स्वयंपाकघराकडं येता येता ती तीन झाली, मग दोन, आणि गॅसच्या वर कागदसुद्धा जाईना. तिथं लाकूड लोखंडावर येऊन बसलं होतं.

"असं एका बाजूला कसं काय वाकलं?" वहिनींनी विचारलं. "माळा तर सगळा एकच आहे."

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. वाळवी म्हणता आली असती, ओल म्हणता आली असती, घराचा पायाच तसा आहे म्हणता आलं असतं. तिनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि टेबलावरून खाली उतरली. मग तिनं खडू, चौकोन, पुसलेला चौकोन, कडेची वाट, मशिनं, सगळं सांगितलं. सांगताना तिला ते सुंदर वाटत होतं. ऐकणाऱ्याला तसं वाटेल असं नाही, हे मधेच तिच्या लक्षात आलं, पण तोवर सांगून झालं होतं.

वहिनींनी वर बघितलं. गॅस, त्याच्या बरोबर वरचा तडा, आणि त्या तड्यावर बारा वर्षं उभा असलेला बिडाचा ढीग त्यांना एकाच वेळी दिसला.

"म्हणजे त्यांच्या अंगावर पडू नये म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर ठेवलं."

"त्यांच्या मनात तसं नव्हतं गं."

"हो ना. त्यांच्या मनात मी नव्हतेच."

आणि त्या अंगणात गेल्या.

त्या आवाज चढवतील असं थोरलीला वाटलं होतं. तसं झालं नाही. वहिनी नेहमीच्या जागी, दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या निरोपाच्या आवाजात बोलायला लागल्या, म्हणून पहिली दोन वाक्यं दोघांनी नीट ऐकलीसुद्धा नाहीत.

"तुमचं यांना, यांचं तुम्हाला, बारा वर्षं मी पोचवते आहे. ताप आला तरी पोचवलं. माझ्या आईला नेलं त्या दिवशीसुद्धा दोन ठोके दिले आणि मग रडायला बसले. मला वाटायचं, दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही, मलाच काय ती काळजी. आज कळलं, अडत होतं. वर खाट काढून ठेवली होती यांनी तुमची, खडूनं. पाय पडू नये म्हणून भिंत धरून चालत होते. सगळं वजन माझ्या बाजूला लावलं. मला खडू नाही का हो मिळाला, भावोजी? एक चौकोन. लहानसा. गॅससमोर."

काका जिन्यावरून उठला होता.

"कसला खडू?" मास्तर म्हणाले. "काय म्हणते आहेस?"

"विचारा त्यांना. समोर उभे आहेत."

"तू विचार."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आजपासून मी नाही."

त्या बाजूला झाल्या. दोघांमधली चार पावलं एकदम रिकामी झाली, आणि ती भरायची कोणाला सवय नव्हती.

अक्का दारात उभी होती. बोलायचं ते आत्ताच, असं तिला वाटलं. दोन सदरे एकावर एक घालणं हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तोडगा होता, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती अजून तोडगे काढत होती. तिनं पुढं होऊन काकाची पत्र्याची पेटी उचलली. "चल. गाडी उभी आहे. माझ्याकडं राहा, सगळ्यांना सुटल्यासारखं होईल. हिलासुद्धा. ही मला हो म्हणाली आहे."

काकानं वहिनींकडं पाहिलं.

"मी बघू म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "अजून बघतेच आहे. पेटी ठेवा खाली, अक्का."

अक्कानं पेटी खाली ठेवली नाही, पण ती चाललीही नाही.

*

आत थोरलीनं जॅक लावले. गर्डर आता जागेवर होता, पण वाकलेल्या कड्या थोड्या वर उचलल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता, आणि पुऱ्या सरळ करायला गेलं तर जुनं लाकूड कडकन मोडलं असतं. म्हणून जॅकला अर्धा आटा द्यायचा, थांबायचं, ऐकायचं, परत अर्धा आटा. मधली फट जेवढी राहील तेवढ्या जाडीच्या लोखंडी पट्ट्या हातोडीनं ठोकून बसवायच्या. खाटेकडच्या कड्यांखाली जाड थर, गॅसकडं पातळ.

अंगणात सगळं ऐकू येत होतं. आधी नुसतं करकरलं. मग घराच्या पोटातून एक लांबलचक आवाज आला, आणि वरून धुळीची एक रेघ खिडकीतून बाहेर पडली. त्या आवाजासरशी काका आत धावला, मास्तर खुर्चीचे हात धरून अर्धे उठले आणि खुब्यात कळ आली तसे परत बसले.

"बाहेर!" आतून थोरली ओरडली. "कोणी आत येऊ नका! काही झालेलं नाही, लाकूड जागेवर येतंय."

काका उंबऱ्यातून परतला. परतताना त्याला खुर्चीजवळूनच यावं लागलं. मास्तरांचा चेहरा पांढरा झाला होता. काकानं खुर्ची मागून धरली आणि सावलीत ओढली. त्यातून काही अर्थ निघू नये म्हणून लगेच दोन मशिनंही ओढली.

हातोडीचे ठोके सुरू झाले. वहिनी आधी मनातल्या मनात मोजायला लागल्या, मग हे आपल्यासाठी नाहीत हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी मोजणं सोडून दिलं.

थोरली हात पुसत बाहेर आली. केसांत धूळ होती. "बसला," ती म्हणाली. "जॅक काढले. एक केसभरही खाली आला नाही. आता काय हवं ते ठेवा वर, फक्त सगळीकडं सारखं ठेवा." मग तिनं आडव्या जिन्याकडं पाहिलं. "चल रे बुटक्या. धर ते टोक."

बुटक्यानं टोक उचललं आणि तो तसाच उभा राहिला, कारण कोणीच हललं नाही. सगळे भिंतीकडं बघत होते. बोल्ट काढलेली चार भोकं होती. भिंत मास्तरांची होती, आणि मास्तर आपल्या गुडघ्यांकडं बघत होते.

काकाची नजर सवयीनं वहिनींकडं गेली. "वहिनी, त्याला..."

वहिनींनी पदराच्या टोकानं एका मशिनवरची धूळ पुसायला घेतली. मशिनवर धूळ नव्हती. काका थांबला. त्यानं घसा साफ केला. बुटक्यानं जिन्याचं टोक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दादा," काका म्हणाला.

मास्तरांनी मान वर केली.

"जिना लावू का?"

मास्तरांनी जिन्याचं काही काढलं नाही. "मला वाटायचं, तुला किळस येते माझी."

"कशाची किळस?"

"वरून चालायची."

"वेडा आहेस का तू?" काका म्हणाला. हे बारा वर्षांतलं त्याचं भावाला उद्देशून तिसरं वाक्य होतं, आणि ते त्याच्या तोंडून फार सहज गेलं. "पडली असती फळी म्हणजे?"

"मग सांगायचं."

"कोणाला सांगणार? तू बोलत नव्हतास."

"तू बोलत नव्हतास."

"मी वर होतो!"

मास्तरांनी डोळे मिटले. अक्का पुढं व्हायला निघाली, वहिनींनी तिच्या हाताला धरून थांबवलं.

"बाहेरून नको लावू," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

काकानं मान हलवली, एकदा, समजल्यासारखी, आणि अक्काच्या हातातली पेटी घ्यायला हात पुढं केला. एवढ्या वर्षांत त्यानं भावाकडं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागून झालं होतं.

"बाहेरचा ओला होतो. गंजतो. पाय घसरला तर कोण उचलणार तुला, मी?" मास्तरांचा आवाज भलतीकडंच जात होता, तो त्यांनी ओढून परत आणला. "आतून कर जिना."

"बाबा," थोरली म्हणाली, "आतून म्हणजे माळ्याला भोक पाडावं लागेल. म्हणजे कड्या कापाव्या लागतील. कड्या मी आत्ता, या क्षणी, उचलून बसवल्यात."

"मग काप."

"कुठून?"

"स्वयंपाकघरातून नको," काका घाईनं म्हणाला. वहिनींकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही. "तिकडं आता काहीच नको."

"माझ्या खोलीतून," मास्तर म्हणाले.

"तुझ्या खोलीतून कसं? तू झोपलेला असणार, मी वर-खाली करणार."

"मग जागा होईन."

"डॉक्टरांनी झोप सांगितलीय तुला."

"तुला कोणी सांगितलं डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"वहिनींनी!"

"खिडकीजवळून घे. खाट हलवू."

"पुन्हा हलवणार? आत्ता कुठं तुला तिथली झोप लागायला लागलीय."

"माझी झोप मला कळते की तुला?"

थोरलीनं मोजपट्टी काढली आणि पुन्हा मिटली. बुटक्यानं विचारलं, जिना खाली ठेवू का, आणि कोणी उत्तर दिलं नाही म्हणून ठेवला. दोघांचे आवाज चढत चालले होते. काका हातवारे करून कडीची दिशा दाखवत होता, मास्तर बसल्या जागेवरून ती खोडून काढत होते, दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. अक्काच्या ओठांवर तोडगा आला होता, तो स्पष्ट दिसत होता.

"नका," वहिनी तिला म्हणाल्या आणि आडव्या जिन्यावर, मधल्या पायरीवर, ऐसपैस बसल्या. "मध्ये पडू नका कोणी. होऊ दे त्यांचं."